टॅब की स्पेस? मुलांना कोडिंगला घालण्याआधी पालकांनी काय समजून घ्यावं

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेण आणि रोह्यातल्या पालकांचे प्रश्न सुरू होतात. ‘सर, मुलाला जावा शिकवू की पायथन?’ ‘क्लासवाले म्हणतात महागडा लॅपटॉप लागेल, खरं का?’ ‘मुलीला या लाईनला घातली तर चालेल ना?’ प्रश्न तीन, पण फिक्र एकच: घामाचा पैसा आणि मुलांची वर्षं वाया जाऊ नयेत. म्हणून सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं कोण असतात, कोणती साधनं वापरतात आणि आपसात कशावरून वाद घालतात, ते आज बघू.

ही माणसं कोण?

‘स्टॅक ओव्हरफ्लो’ ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट 2011 पासून दरवर्षी जगभरातल्या प्रोग्रामरांची पाहणी करते. 2022 च्या पाहणीत उत्तर देणाऱ्या दर शंभरात नव्वदहून जास्त पुरुष होते, स्त्रिया जेमतेम पाच. साधारण तिघांतले दोघं पस्तिशीच्या आतले. आणि दहातल्या सुमारे सात जणांनी सांगितलं की कोडिंग शिकताना इंटरनेटवरच्या साधनांचा उपयोग झाला.

पण आकडा वाचायचीही एक रीत असते. ही पाहणी ज्यांनी आपणहून भरली त्यांचीच आहे. आपल्या देशात ‘नॅसकॉम’ या उद्योगसंघटनेच्या आकडेवारीनुसार आयटी क्षेत्रात काम करणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त स्त्रिया आहेत. त्यात टेस्टिंग, सपोर्ट, व्यवस्थापन असं सगळं काम धरलेलं आहे, हे खरं. तरीही ‘ही पोरांची लाईन आहे’ हे म्हणणं टिकत नाही. शाळेत गणितात आणि व्याकरणात पुढे असलेली मुलगी इथे मागे पडायचं कारण नाही. अडतं ते दुसरीकडे: घरातला एकुलता एक लॅपटॉप भावाच्या हातात असतो.

‘गिटहब’ या कोड ठेवण्याच्या साइटवर 2023 मध्ये भारतातले 1 कोटी 32 लाख लोक होते. अमेरिकेनंतर आपलाच नंबर. म्हणजे संधी आहे, तशी गर्दीही आहे. नुसतं सर्टिफिकेट दाखवून या गर्दीत कुणी ओळखत नाही, केलेलं काम दाखवावं लागतं.

हत्यारं कोणती?

कोड लिहायला जे सॉफ्टवेअर वापरतात त्याला एडिटर म्हणतात. आज सर्वांत जास्त चालतो मायक्रोसॉफ्टचा ‘व्हीएस कोड’. तो 2015 साली आला. 2022 च्या त्याच पाहणीत दर चौघांतले जवळपास तिघं तो वापरत होते. किंमत? फुकट. पायथन भाषा फुकट. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं ‘गिट’, तेही फुकट. सुरुवातीला आठ जीबी रॅमचा साधा, वापरलेला लॅपटॉपसुद्धा पुरतो.

एडिटरवरून भांडणं मात्र जुनी आहेत. ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ हे दोन्ही एडिटर 1976 चे. त्यांचे चाहते अजूनही आपलाच कसा भारी हे सांगत असतात. भाषांचंही तसंच. जावास्क्रिप्ट वर्षानुवर्षं वापरात पुढे आहे, कारण प्रत्येक ब्राउझरला ती कळते. पायथन नवशिक्याला सोपी जाते आणि डेटाच्या कामातही चालते. एक भाषा नीट आली की दुसरी शिकायला फार दिवस लागत नाहीत. आपल्या मुलांना उर्दू, मराठी, हिंदी एकाच वेळी सांभाळायची सवय असते. त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

टॅब की स्पेस?

आता खरा गमतीचा वाद. वहीत आपण समास सोडतो, परिच्छेद थोडा आत सरकवून सुरू करतो. कोडमध्येही ओळी आत सरकवतात, म्हणजे कोणती ओळ कशाच्या पोटात आहे ते दिसतं. ती सरकवायची टॅबचं बटण दाबून की स्पेस देऊन, यावर प्रोग्रामर हमरीतुमरीवर येतात. पायथनच्या लेखननियमांत चार स्पेस सांगितल्या आहेत. लिनक्सच्या गाभ्याचा कोड टॅबने लिहितात, तोही आठ अक्षरं रुंद. ज्यांना कमी दिसतं त्यांना टॅब बरा पडतो, कारण त्याची रुंदी ज्याला त्याला हवी तशी ठेवता येते.

2017 मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या पाहणीतून एक बातमी गाजली: स्पेस वापरणाऱ्यांचा पगार टॅबवाल्यांपेक्षा 8.6 टक्के जास्त. लगेच सगळ्यांनी स्पेस दाबायला सुरुवात करावी का? नाही. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. ‘अमुक कोर्स केला की इतकं पॅकेज’ ही जाहिरात वाचतानाही हे लक्षात ठेवा.

मग लिहिण्याच्या शिस्तीला अर्थच नाही का? आहे, आणि मोठा आहे. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलला आयफोनसाठी घाईने दुरुस्ती पाठवावी लागली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये एक ओळ चुकून दोनदा आली होती. ‘अट पूर्ण झाली तरच हे कर’ अशी ती जागा होती, पण ओळींभोवती महिरपी कंस नव्हते. त्यामुळे अट फक्त पहिल्या ओळीला लागू झाली. दुसरी ओळ अट न बघता दर वेळी चालली आणि पुढची तपासणीच गळली. ती दुसरी ओळही आत सरकवलेली असल्याने डोळ्यांना सगळं ठीक वाटत होतं. एका ओळीमुळे असंख्य लोकांची खासगी माहिती उघड्यावर पडायची वेळ आली.

म्हणून कंपन्यांत आता हा वाद माणसांवर सोडत नाहीत. ‘ब्लॅक’, ‘प्रिटियर’ अशी सॉफ्टवेअरं सगळ्यांचा कोड एकाच वळणाचा करून देतात. टॅब की स्पेस हे गौण. पूर्ण टीमने एकच पद्धत पाळणं महत्त्वाचं, कारण एकाने लिहिलेला कोड पुढे दहा जण वाचतात.

मग पालकांनी काय करावं?

• क्लास लावण्याआधी विचारा: मूल शेवटी स्वतः काय बनवून दाखवेल? उत्तर नसेल तर फी भरू नका.

• एक भाषा, एक एडिटर ठरवा आणि निदान सहा महिने बदलू नका.

• छोटं काम द्या. घरखर्चाचा हिशेब किंवा दुकानाची उधारी लिहून ठेवणारा प्रोग्राम आठवी-नववीचं मूलही शिकून करू शकतं.

• केलेलं काम गिटहबवर ठेवायला सांगा आणि दुसऱ्याचा कोड वाचायची सवय लावा.

• शिक्षणाच्या वाटा जवळ आहेत: पेणला शासकीय पॉलिटेक्निक, नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस, लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. कोणत्या शाखा आहेत, फी आणि शिष्यवृत्ती किती, हे स्वतः जाऊन विचारा.

• आणि घरातल्या लॅपटॉपचं वेळापत्रक करा. भावाला दोन तास, तर बहिणीलाही दोन तास. यात एक रुपयाही खर्च होत नाही.