खारवट आणि चोपण : भेद जातीचा, प्रमाणाचा नव्हे

कालव्याखालील गावांत बिघडलेल्या जमिनीला सरसकट ‘खारी’ म्हणण्याचा प्रघात आहे. थोडी बिघडली ती खारवट, फार बिघडली ती चोपण, असाही समज आढळतो. तो बरोबर नाही. या दोहोंतील भेद कमीअधिकपणाचा नसून जातीचा आहे. आणि तो न ओळखता केलेला उपाय अपाय ठरतो.

खारवट जमिनीत विद्राव्य क्षार साचलेले असतात. उन्हाळ्यात पृष्ठभागावर त्यांचा पांढरा थर दिसतो. जमिनीत ओल असूनही पिकाच्या मुळांना ती शोषून घेता येत नाही. मात्र मातीची घडण मोकळी राहते व तीतून पाणी मुरते.

चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीच्या कणांनाच धरून बसलेले असते. कणांवरील विनिमययोग्य द्रव्यांत त्याचे प्रमाण शेकडा १५ हून अधिक होते व सामू बहुधा ८.५ च्या वर जातो. कण फुगून विलग होतात, छिद्रे बुजतात, पाणी वरच तुंबते आणि वाळलेली ढेकळे दगडासारखी कठीण होतात.

साहजिकच उपायही निराळे. खारवट जमिनीत चर काढून निचरा साधावा व गोडे पाणी बांधात साठवून क्षार धुऊन काढावेत. चोपण जमिनीत नुसत्या पाण्याने सोडियम सुटत नाही. तेथे माती परीक्षणानुसार जिप्समची भुकटी वरच्या थरात मिसळावी. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते; मग पाणी देऊन सुटलेले सोडियम चरांवाटे बाहेर घालवावे. पुढे धैंच्याचे हिरवळीचे खत द्यावे.

खरा धोका खारवट-चोपण जमिनीत असतो. तेथे दोन्ही दोष एकत्र नांदतात. विद्राव्य क्षारांमुळे कण एकत्र राहतात व जमीन केवळ खारवट भासते. अशा जमिनीत जिप्सम न घालता भरपूर पाणी सोडले, तर क्षार वाहून जातात, सोडियम मागे राहते आणि सुधारणेच्या खटपटीतूनच चोपण जमीन तयार होते.

पावसाच्या पाण्यात माती ढवळून ठेवल्यास चोपण मातीचे पाणी दीर्घकाळ गढूळ राहते. परंतु खारवट-चोपण मातीचे पाणी निवळू शकते. तेव्हा या खुणेवर विसंबू नये. मातीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. सामू, विद्युत्‌वाहकता व विनिमययोग्य सोडियम हे तिन्ही आकडे हाती आल्यावाचून शेतात पाणी कोंडू नये.