बाब्याच्या आईला खरंच दिसत नाही का?

२८ ऑगस्ट २०१४. व्हाइट हाउसमध्ये बराक ओबामा पत्रकारांशी सीरियाबद्दल बोलायला उभे राहिले, ते फिकट बदामी सूट घालून. झालं! युद्ध राहिलं बाजूला, चर्चा सुटाची. न्यूयॉर्कचे रिपब्लिकन खासदार पीटर किंग यांना त्यात गांभीर्याचा अभाव दिसला. रिपब्लिकनांचे लाडके रोनाल्ड रेगन तसेच सूट घालायचे, तेव्हा तो रंग त्यांच्या डोळ्यांत खुपला नव्हता.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म्हण चोख आहे, पण एक प्रश्न ती मोकळा सोडते. बाब्याच्या आईला त्याच्या खोड्या दिसतच नाहीत, की दिसूनही ती शेजारणीपुढे कबूल करत नाही?

दिसत नाहीत, असं सांगणारा प्रयोग जुना आहे. १९५१च्या नोव्हेंबरात प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा धसमुसळा सामना झाला. एका बाजूच्या खेळाडूचं नाक मोडलं, दुसरीकडच्याचा पाय. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवून नियमभंग मोजायला लावले. डार्टमथच्या संघाचे नियमभंग त्याच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना सरासरी ४.३ दिसले, प्रिन्स्टनवाल्यांना ९.८. फिल्म एकच! (विराट पायचीत दिला गेला की आमच्या घरात पंचाची दृष्टी तपासली जाते, ती याच न्यायानं.)

पण २०१७ साली वेगळंच काही हाती आलं. डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीला किती गर्दी होती यावरून नुकताच गदारोळ झाला होता. ब्रायन शॅफनर आणि समांथा लुक्स यांनी दोन फोटो घेतले. एक त्या दिवसाचा, दुसरा ओबामांच्या २००९च्या शपथविधीचा. फोटोंवर नावं नव्हती. प्रश्न इतकाच, की माणसं कुठल्या फोटोत जास्त? एकात मैदान खच्चून भरलेलं, दुसऱ्यात मोकळे पांढरे पट्टे. पोरानंही बोट ठेवून सांगावं असा फरक. तरी ट्रम्प यांच्या १५ टक्के मतदारांनी मोकळ्या मैदानाकडे बोट दाखवलं. हिलरी क्लिंटन यांच्या मतदारांत हे प्रमाण २ टक्के होतं. या १५ टक्क्यांची नजर अधू होती असं मला वाटत नाही. फोटो कुणाचा हे त्यांनी ओळखलं, आणि उत्तर न देता घोषणा दिली.

ही शंका पैशानं तपासता येते. २०१५ साली दोन संशोधक गटांनी तेच केलं. बेकारी वाढली की घटली, असे साधे वस्तुस्थितीचे प्रश्न विचारले आणि बरोबर उत्तराला थोडे पैसे देऊ केले. दोन पक्षांच्या उत्तरांमधली दरी लगेच आकसली. एका गटानं तर ‘माहीत नाही’ या प्रामाणिक कबुलीलाही पैसे लावले, तेव्हा ती आणखी अरुंद झाली. म्हणजे आईला बरंच दिसत असतं. सगळं मात्र नाही. स्टॅनफर्डचे शांतो अय्यंगार आणि त्यांचे सहकारी सांगतात, की पैसे देऊनही दरीचा मोठा भाग उरतोच. तेवढा भाग नाटकाचा नाही, तो मनापासूनचा आहे.

मतदाराचं हे असं. नेत्यांच्या बाबतीत मला इतका संशयाचा फायदा द्यावासा वाटत नाही. मार्च २००६मध्ये बुश सरकारनं कर्जमर्यादा वाढवायला घेतली, तेव्हा सिनेटमध्ये एकूण एक डेमोक्रॅट विरोधात गेला. प्रस्ताव ५२ विरुद्ध ४८ मतांनी कसाबसा तरला. त्या ४८ जणांत सिनेटर ओबामा होते. हे नेतृत्वाचं अपयश आहे, असं भाषणही त्यांनी ठोकलं. २०११मध्ये तीच मर्यादा वाढवून मागायची पाळी त्यांच्यावर आली, तेव्हा आपलं ते मत राजकीय होतं, अशी कबुली त्यांना द्यावी लागली. आणि बुश यांच्या काळात सात वेळा मर्यादा वाढली तेव्हा खळखळ न करणारे रिपब्लिकन आता हटून बसले. तडजोडीवर सही झाली ती मुदतीच्या दिवशी, २ ऑगस्टला. तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्सनं अमेरिकेचं पतमानांकन पहिल्यांदाच खाली आणलं.