सीडी भाड्याने देणारं दुकान का बंद पडलं? भाड्याचा कोणताही धंदा सुरू करण्याआधी हा हिशोब करा

मागच्या व्हिडीओत आपण भाड्याच्या धंद्याविषयी बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: "सर, गावात प्रोजेक्टर, कॅमेरा, साउंड असं काहीतरी भाड्याने द्यायचा विचार आहे. पैसे टाकू का?"

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण आपल्या डोळ्यांसमोर एक भाड्याचा धंदा जन्माला आला, जोरात चालला आणि संपला. तो म्हणजे सिनेमाच्या कॅसेट आणि सीडी भाड्याने देण्याचा. त्याची नीट चिरफाड केली तर तुमचे कष्टाचे पैसे कुठे टाकायचे आणि कुठे नाही, हे बरंचसं कळतं. व्हिडीओत वेळ कमी पडतो, म्हणून आकडेमोड इथे सविस्तर देतो.

गिऱ्हाईक नेमकं कशाचे पैसे देत होतं?

१९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या वेळी भारतात रंगीत टीव्ही आला. त्यानंतरच्या काळात गावोगाव एक नवा धंदा उभा राहिला. कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, रात्रभरासाठी भाड्याने. गणपतीत, बारशाला, सत्यनारायणाला लोक वर्गणी काढून आणायचे. अंगणात टीव्ही मांडायचा आणि पहाटेपर्यंत सिनेमे बघायचे.

आता विचार करा. लोक कॅसेटचे पैसे देत होते का? नाही. टीव्ही आणि व्हीसीआर विकत घेणं परवडत नव्हतं, त्या न परवडण्याचे पैसे देत होते. थिएटरसाठी शिरूर किंवा राजगुरुनगरला जायचं म्हणजे एसटीचा खर्च, शेवटची गाडी चुकायची भीती आणि बायकामुलांना नेण्याचा खटाटोप. तो त्रास वाचवण्याचे पैसे देत होते.

पुढे व्हीसीडी प्लेअर स्वस्त झाले आणि घराघरात पोहोचले. मग टीव्ही भाड्याने आणायची गरज संपली, फक्त सीडी आणायची. एका व्हीसीडीत साधारण ७४ ते ८० मिनिटं मावायची, म्हणून हिंदी सिनेमा दोन-तीन सीडींच्या सेटमध्ये यायचा. डिपॉझिट ठेवा, वहीत नाव लिहा, उद्या परत आणा. हा झाला सीडी लायब्ररीचा धंदा.

एका सीडीचा हिशोब

समजायला सोपे आकडे धरू. एका सिनेमाचा सेट १०० रुपयांना पडला. भाडं दिवसाला १० रुपये. म्हणजे १० फेऱ्यांत पैसे वसूल आणि अकरावी फेरी नफ्याची.

आता नवीन सिनेमा पहिल्या महिन्यात १५ वेळा बाहेर गेला. १५० रुपये आले, त्यातले १०० वसुलीचे, ५० हातात राहिले. त्यानंतर तो सिनेमा महिन्यातून एकदाच जातो. उरलेल्या ११ महिन्यांत ११० रुपये. वर्षाचे झाले २६०.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, भाड्याच्या धंद्यात नफा वस्तूत नसतो, फेऱ्यांत असतो. दुकानात ५०० सिनेमे आहेत याला किंमत नाही. आज त्यातले किती बाहेर आहेत, याला आहे.

दुसरी, निम्म्याहून जास्त कमाई पहिल्याच महिन्यात होते. म्हणजे सतत नवीन माल आणावा लागतो आणि जुना माल फळीवर धूळ खात बसतो. तो मेलेला पैसा.

तिसरी, एक सीडी एका वेळी एकाच घरी जाऊ शकते. रविवारी दहा जणांना तोच सिनेमा हवा असेल, तर नऊ जण रिकाम्या हाताने जातात.

ही तिसरी गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुकान एका दिवसात बंद पडलं नाही

बऱ्याच जणांना वाटतं की जिओ आलं आणि सीडीवाले बसले. तसं नाही. घाव आधीपासून बसत होते.

२००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने सिनेमांच्या ओरिजिनल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. आता १० रुपये भाडं, वर परत करायचा खेटा. त्यापेक्षा २८ रुपयांत सीडी कायमची आपली! एकाने विकत घ्यायची आणि सगळ्या आळीत फिरवायची. म्हणजे ऑनलाइन सिनेमा गावात यायच्या आधीच, "विकत घेणं परवडत नाही" हा भाड्याच्या धंद्याचा पाया हलला होता.

मग मोबाईलमध्ये मेमरी कार्ड आलं. कुठल्यातरी दुकानात जायचं आणि कार्ड भरून आणायचं. ते कायद्यात बसत नव्हतं, त्यावर खाली बोलतोच. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा: परत करायची कटकट नाही, स्क्रॅच पडायची भीती नाही.

आणि मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. त्याआधी १ जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये मोजून आपण तो महिनाभर पुरवून वापरायचो. जिओने ३१ मार्च २०१७ पर्यंत नेट जवळपास फुकटच दिलं. साध्या क्वालिटीचा सिनेमा बघायला तासाला सुमारे १ जीबी डेटा लागतो. जुन्या दराने तो सिनेमा चार-पाचशे रुपयांना पडला असता, सीडीच्या भाड्याच्या चाळीस-पन्नास पट. नव्या दराने तोच सिनेमा रोजच्या पॅकमध्ये बसायला लागला.

गंमत बघा, सिनेमे ऑनलाइन आधीपासून होते. हॉटस्टार २०१५ ला आलं, नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ ला आलं. पण गावात ते पोहोचले डेटा स्वस्त झाल्यावर. तुमच्या धंद्याचा खरा स्पर्धक बऱ्याचदा तुमच्या धंद्यात नसतोच. सीडीवाल्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या सीडीवाल्याने नाही, सिमकार्डाने नेलं.

मोठ्यांचंही हेच झालं

अमेरिकेत ब्लॉकबस्टर नावाची कंपनी होती. १९८५ ला एक दुकान, २००४ च्या सुमारास सुमारे ९ हजार दुकानं. उशिरा परत केलेल्या कॅसेटच्या दंडातून तिला मोठी कमाई होत होती. म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाराजीवर गल्ला भरत होता.

१९९७ ला नेटफ्लिक्स स्थापन झाली. ती सुरुवातीला पोस्टाने डीव्हीडी भाड्याने पाठवायची! पुढे महिन्याला ठरावीक रक्कम, उशिराचा दंड नाही, असा प्लॅन काढला. २००७ मध्ये ऑनलाइन सिनेमा दाखवायला सुरुवात केली. ब्लॉकबस्टरने २००५ मध्ये दंड रद्द केला खरा, पण २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केलाच. नेटफ्लिक्सने मात्र डीव्हीडीचं काम लगेच गुंडाळलं नाही. जुनं गिऱ्हाईक सांभाळत, नवीन वाढवत, २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डीव्हीडी पाठवली. नवीन सुरू केल्यानंतर तब्बल १६ वर्षांनी!

आपल्यासाठी यातला धडा असा की नवीन आलं म्हणून चालतं दुकान उद्या बंद करायचं नाही. फक्त नवीन भांडवल जुन्या मालात टाकायचं थांबवायचं.

सीडी आणि ऑनलाइन: फरक कुठे पडला?

सीडीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. नेटची रेंज नसली तरी सीडी चालते. डीव्हीडीवर ४.७ जीबी, ब्लू-रे डिस्कवर २५ जीबी माल असतो, त्यामुळे चांगल्या डिस्कचं चित्र आणि आवाज बऱ्याचदा ऑनलाइनपेक्षा सरस असतो. घरातली डिस्क कुणी काढून घेऊ शकत नाही. ऑनलाइन सिनेमा मात्र करार संपला की ॲपवरून गायब होतो. आणि एक सिनेमा या ॲपवर, दुसरा त्या ॲपवर, म्हणून चार ठिकाणी पैसे भरावे लागतात ते वेगळंच.

तरीही सीडी हरली. का? दोन कारणं.

एक, ऑनलाइन सिनेमाची "एका वेळी एकच घर" ही अडचण नाही. दहा काय, दहा लाख लोकांनी एकदम लावला तरी कुणी रिकाम्या हाताने जात नाही. आपल्याला एक जादा गिऱ्हाईक सांभाळायला एक जादा सीडी लागते. त्यांना जवळपास काहीच लागत नाही.

दोन, पैसे घ्यायची पद्धत. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये मोबाईलचा प्लॅन १९९ वरून १४९ रुपयांवर आणला. १० रुपये भाड्याने त्यात १५ सीडी आल्या असत्या, म्हणजे पैशाने फार फरक नाही. पण सीडीला प्रत्येक वेळी खिशात हात घालावा लागतो. महिन्याचे पैसे एकदा भरले की गिऱ्हाइकाच्या मनात पुढचा प्रत्येक सिनेमा फुकटच असतो. फुकटाशी १० रुपयांनी लढता येत नाही.

पेनड्राइव्ह भरून देऊ का? नको!

हा प्रश्न अजून येतो, म्हणून स्पष्ट सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार सिनेमाची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क सिनेमाच्या मालकाचा आहे. म्हणजे ओरिजिनल डिस्क विकत घेतली तरी ती परवानगीशिवाय भाड्याने देता येत नाही. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परदेशातून आणलेल्या ओरिजिनल डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका लायब्ररीच्या विरोधात निकाल दिला होता. फिर्यादी होती वॉर्नर ब्रदर्स.

कॉपी करून विकणं तर त्याहून गंभीर. कॉपीराइट कायद्यात त्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड सांगितला आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी असलेल्या एमपीडीए कायद्यात "व्हिडीओ पायरेट" हा शब्दही आहे. ५० रुपयांच्या पेनड्राइव्हसाठी त्या यादीत जायचंय का?

घरच्या ॲपवरून तिकीट लावून चौकात सिनेमा किंवा मॅच दाखवणंही चालत नाही. तो प्लॅन वैयक्तिक वापरासाठी असतो.

मग भाड्याने काय द्यायचं?

आपल्या पाबळचंच उदाहरण घेऊ. डॉ. श्रीनाथ कलबाग सरांनी १९८३ मध्ये इथे विज्ञान आश्रम सुरू केला. २००२ मध्ये तिथे अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब झाली. फॅब लॅबचं तत्त्व साधं आहे: डिझाइनची फाईल जगातून कुठूनही नेटवरून येऊ शकते, पण वस्तू बनवणारं मशिन मात्र गावात असावं लागतं.

हाच आपला नियम. जी गोष्ट फाईल होऊन मोबाईलवर येऊ शकते, ती भाड्याने देऊ नका. जी उचलूनच न्यावी लागते, ती द्या. सिनेमा फाईल झाला. गाणी फाईल झाली. लग्नाची पत्रिकासुद्धा फाईल झाली. पण मांडव, खुर्च्या, जनरेटर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र फाईल होत नाही.

पैसे टाकण्याआधी वहीत हे चार प्रश्न लिहा आणि समोर उत्तरं लिहा:

१. ही वस्तू मोबाईलवर येऊ शकते का, किंवा मोबाईल तिचं काम करू शकतो का?
२. गिऱ्हाइकाला ती वर्षातून किती दिवस लागते? रोज लागणारी वस्तू लोक विकत घेतात. दोन-चार दिवस लागणारी भाड्याने नेतात.
३. तिची किंमत पडते आहे का? पडत असेल तर आज भाड्याने नेणारा उद्या विकत घेईल.
४. खर्च वजा जाता किती फेऱ्यांत पैसे वसूल, आणि तेवढ्या फेऱ्या किती महिन्यांत?

आता सुरुवातीचा प्रोजेक्टरचा प्रश्न. धरून चालू: प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर मिळून ४० हजार. एका कार्यक्रमाचे १,५०० मिळाले, त्यात गाडी, पोरगा, वायरी मिळून ५०० गेले. हातात १,०००. म्हणजे ४० कार्यक्रमांत वसुली. वर्षात शाळेची स्नेहसंमेलनं, साखरपुडे, शेतकरी मेळावे, गणेशोत्सव धरून ३० कार्यक्रम मिळाले, तर वसुलीला १६ महिने. मधे दिवा गेला किंवा कुणाच्या पायात वायर अडकून प्रोजेक्टर पडला, तर दोन वर्षं.

हे चालेल का? ज्याचा आधीच मांडव किंवा साउंडचा धंदा आहे, त्याला चालेल. गाडी तीच, पोरगा तोच, गिऱ्हाईक तेच. फक्त प्रोजेक्टरवर, तेही कर्ज काढून, संसार चालवायचा म्हणाल, तर माझं मत नाही. कारण टीव्ही मोठे आणि स्वस्त होत चाललेत, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या विरोधात आहे.

शेवटचं आणि महत्त्वाचं. वसुलीचा काळ वस्तूच्या आयुष्याशी ताडून बघू नका, गिऱ्हाइकाच्या गरजेच्या आयुष्याशी ताडून बघा. कपाटात जपून ठेवलेली सीडी आजही चालते. ती न्यायला येणारा माणूस राहिला नाही. बँकेचा हप्ता मात्र गरज संपली म्हणून थांबत नाही.

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ: गावात फिरा, भाड्याने दिल्या जाणाऱ्या दहा वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे हे चार प्रश्न सोडवा. एक संध्याकाळ जाईल, पण लाखभर रुपये वाचतील. पुढच्या वेळी आपण मांडव आणि शेती अवजारांच्या भाड्याचा हिशोब असाच फोडून बघू.