दादाचं जुनं पुस्तक चालेल का?
बोरी अरबहून यवतमाळला बीएस्सीसाठी जाणाऱ्या मुलाला दादाचं जुनं रसायनशास्त्राचं पुस्तक मिळालं, तर ते रद्दीत घालू नये. रासायनिक बंध, समतोल, टायट्रेशन यांची मूळ मांडणी तीच आहे. बदल मोजकेच, पण गुण खाणारे. मोलची व्याख्या पूर्वी 12 ग्रॅम कार्बन-12 वरून होई; 20 मे 2019 पासून मोल म्हणजे नेमके 6.02214076 × 10²³ कण. प्रमाण दाबही 1 अ‍ॅटमॉस्फिअरवरून 1 बारवर आला, त्यामुळे शून्य अंशाला वायूच्या एका मोलचे 22.4 लिटर 22.7 झाले. गंमत अशी, की काही नवी पुस्तकंही 22.4 च धरून बसलीत! 2016 पूर्वीच्या आवर्तसारणीत निहोनियम, ओगॅनेसॉन ही नावं सापडणार नाहीत. अमरावती विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम मात्र अनुक्रमणिकेशी आधी ताडून पाहावा.