सुटीतले पुस्तक आणि सुटीतले पाणी

परीक्षा आटोपल्या की घरोघर सुटीचे बेत सुरू होतात. अशा वेळी सामानात एखादे पुस्तक टाकण्याची आमची जुनी खोड. गेल्या हिवाळ्यात मालवणला निघताना आम्ही जाक कूस्तो यांचे ‘द सायलेंट वर्ल्ड’ बरोबर घेतले. हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९४३ मध्ये, कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी फ्रान्समध्ये एक श्वसनयंत्र सिद्ध केले होते. पाठीवरच्या टाकीतील हवा भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, आणि श्वास ओढू तेव्हाच, तोंडाशी देणे ही त्याची करामत. आजचा स्कूबाचा खेळ तिच्यावरच उभा आहे.

या खेळाचा पहिला नियम असा की, पाण्याखाली श्वास कधीही कोंडू नये. कारण शाळेतल्या बॉइलच्या नियमात आहे. समुद्रात १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा कोंडून वर आलो, तर ती दुप्पट जागा मागते. फुप्फुसे तेवढी ताणत नाहीत, ती फाटतात. थोड्या खोलीवरही हा धोका असतोच.

हे सारे वाचून आम्हांला धीर आला, आणि खरे सांगायचे तर थोडा गर्वही झाला. बुडी मारण्यापूर्वी तरुण शिक्षकाने खुणा समजावल्या : अंगठा वर म्हणजे ‘वर चला’; ‘ठीक आहे’ सांगायचे, तर अंगठा आणि तर्जनी यांचे वर्तुळ करायचे. पुस्तकी पंडिताच्या थाटात आम्ही मान डोलावली.

खाली जाताच कानांत दडे बसले. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकल्यावर ते सुटले. समोरून मासे जाऊ लागले. शिक्षकाने खुणेने विचारले, “ठीक?” आम्ही हर्षभराने अंगठा वर केला! त्याने तत्काळ आम्हांला वर आणले. “काका, एवढ्यात कंटाळलात?”

खूण चुकली ती हसण्यावारी गेली. श्वास चुकला असता तर? पुस्तकाने कारण कळते. पण भांबावलेल्या क्षणी उपयोगी पडते ती अंगवळणी पडलेली सवय, आणि ती शिक्षकाच्या देखरेखीखाली पाण्यातच लागते. म्हणून पुस्तक जरूर वाचावे, दमा किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारावे आणि पाण्यात शिक्षकाचे ऐकावे. त्या रात्री आम्ही तेच पुस्तक पुन्हा उघडले. या खेपेस मात्र सावकाश वाचले.