तारकीय कंपविज्ञान

ताऱ्यांच्या पृष्ठभागावर होणाऱ्या आंदोलनांवरून (ठराविक कालावधीने पुनःपुन्हा होणाऱ्या हालचालींवरून) त्यांच्या अंतरंगाची माहिती मिळविणारी ज्योतिषशास्त्राची शाखा. सूर्यापुरत्या मर्यादित अभ्यासास सौरकंपविज्ञान म्हणतात. ताऱ्याचा प्रकाश त्याच्या बाहेरील पातळ थरातूनच येतो. त्यामुळे गाभ्याविषयीचे ज्ञान दीर्घकाळ मुख्यत्वे गणितीय प्रतिकृतींवर अवलंबून होते. भूकंपतरंगांवरून जशी पृथ्वीच्या अंतर्भागाची रचना कळते, तशीच आंदोलनांवरून ताऱ्याची कळते.

सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाह्य भागातील वायूच्या संनयनामुळे (उष्णतेमुळे वरखाली होणाऱ्या अभिसरणामुळे) ध्वनितरंग निर्माण होतात. खोलीनुसार तापमान व त्याबरोबर ध्वनीचा वेग वाढत असल्याने त्यांचे प्रणमन होऊन ते परत वर वळतात. पृष्ठभागाशी घनता एकदम कमी होत असल्याने तेथून ते परावर्तित होतात. अशा रीतीने तारा ही एक अनुस्पंदक पोकळी बनते व तीत विशिष्ट कंप्रतांचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांचे) स्थिर तरंगच टिकतात. निरनिराळे तरंग निरनिराळ्या खोलीपर्यंत जात असल्याने त्यांच्या कंप्रतांच्या तुलनेवरून प्रत्येक खोलीवरील ध्वनीचा वेग काढता येतो. क्रमाने येणाऱ्या कंप्रतांमधील मोठे अंतर ताऱ्याच्या सरासरी घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. सूर्याच्या बाबतीत ते सु. १३५ मायक्रोहर्ट्‌झ आहे. काही जोड्यांतील लहान अंतर गाभ्यातील हायड्रोजन किती खर्च झाला हे, म्हणजेच ताऱ्याचे वय, दर्शविते.

रॉबर्ट लेटन व त्यांचे सहकारी यांनी मौंट विल्सन वेधशाळेत डॉप्लर परिणामाच्या साहाय्याने शोधलेली सूर्याची सु. पाच मिनिटे आवर्तकालाची आंदोलने १९६२ मध्ये प्रसिद्ध केली. ती अडकलेल्या ध्वनितरंगांची आहेत, असे रॉजर उलरिक यांनी १९७० मध्ये सुचविले व १९७५ मधील वेधांनी त्यास पुष्टी मिळाली. रात्रीचा खंड टाळण्यासाठी १९९५ मध्ये सहा वेधशाळांचे ‘गाँग’ हे जाळे कार्यान्वित झाले. उदयपूर येथील वेधशाळा त्यांपैकी एक होय.

सूर्याचा संनयन विभाग त्रिज्येच्या सु. ०.७१३ पट अंतरावर संपतो, हे याच पद्धतीने समजले. रेमंड डेव्हिस यांच्या प्रयोगात सौर न्यूट्रिनो अपेक्षेच्या सु. एक-तृतीयांशच आढळत होते. दोष सूर्याच्या प्रतिकृतीत की न्यूट्रिनोविषयीच्या कल्पनेत, हा वाद होता. मोजलेला ध्वनिवेग प्रतिकृतीशी १ टक्क्याहूनही कमी फरकाने जुळल्याने प्रतिकृतीवरील संशय क्षीण झाला. न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात, हे कॅनडातील सडबरी येथील प्रयोगांनी २००१–०२ मध्ये दाखविले. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधील शशिकुमार चित्रे व एच. एम. अंतिया यांनी सौरकंपविज्ञानात महत्त्वाचे कार्य केले.

दूरच्या सूर्यसदृश ताऱ्यांच्या तेजस्वितेतील चढउतार दशलक्षांश काही भाग एवढेच असल्याने ते मोजण्यास अवकाशयाने आवश्यक ठरली. कोरो (२००६) व केप्लर (२००९) यांनी हजारो ताऱ्यांचे वेध घेतले. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांपैकी कोणाच्या गाभ्यात हीलियम जळत आहे व कोणाच्या गाभ्याभोवती केवळ हायड्रोजन, हे २०११ मध्ये ओळखता आले. सूर्यातील जड मूलद्रव्यांचे वर्णपटावरून काढलेले नवे, कमी प्रमाण मात्र कंपनांवरून मिळालेल्या रचनेशी जुळत नाही. हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही.