दुकानाचा नंबर कोणाच्या नावावर?

माहूरसारख्या गावात कापडाचा धंदा म्हणजे नवरात्र, दत्तजयंती आणि लग्नसराई. ओटीचे खण, साड्या, चादरी असा माल मालेगाव, इचलकरंजी, सुरतेहून येतो. पूर्वी पेढीशी बोलायचे तर ट्रंककॉल लावून तासन्‌तास बसावे लागे. पुढे एसटीडी बूथ आले. आता सौदा, भाव आणि रक्कम चुकती करणे सारे दहा आकडी मोबाईल नंबरवर चालते. पाटीवर, बिलबुकावर, जीएसटीच्या नोंदणीत, बँकेत तोच नंबर. पण हे सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे, असे विचारले की भलेभले दुकानदार डोके खाजवू लागतात.

याला कारण आहे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलले, ते देशातले पहिले मोबाईल संभाषण. त्या काळी आलेल्या कॉलचेही पैसे पडत. २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले आणि पुढे सिमकार्ड टपरीवरही मिळू लागले. ज्याचा कागद हाताशी असेल, त्याच्या नावावर कार्ड. कोणाचे पुतण्याच्या नावावर, कोणाचे काम सोडून गेलेल्या नोकराच्या. बिल तुम्ही भरता, रिचार्ज तुम्ही करता, तरी कंपनीच्या लेखी ग्राहक तो. उद्या भागीदारी मोडली आणि त्याने नवे कार्ड काढून घेतले, तर वीस वर्षांची गिऱ्हाइके त्याच्याकडे जातील. ज्याच्या नावावर आहे त्याला सोबत घेऊन सेवा केंद्रात जावे व नंबर आपल्या नावावर करून घ्यावा. संबंध चांगले आहेत तोवरच हे काम सोपे असते.

आपल्या नावावर किती कार्डे आहेत, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. महाराष्ट्रात एका माणसाला नऊ कार्डांची मर्यादा आहे. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार नोंदवावी.

आता चोरीकडे वळू. डिसेंबर २०१८ मध्ये माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याच्या फोनवर रात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी पाहतात तो फोन बंद. कोणीतरी त्यांच्या नंबरचे दुसरे कार्ड काढले होते. त्यावर बँकेचे ओटीपी मागवून अठ्ठावीस व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये पळविले. माणूस आपल्यासारखाच धंदेवाला, म्हणून हा प्रकार नीट समजून घ्यावा. नवे कार्ड चालू होताच जुने बंद पडते. म्हणून फोनवरचे नेटवर्क अचानक गेले आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनवर मात्र आहे, तर थांबू नये. आमच्याकडे डोंगरामुळे नेटवर्क जातच असते, त्यामुळे माणूस ‘येईल थोड्या वेळाने’ म्हणून बसून राहतो. तेवढा वेळ चोराला पुरतो. पुढे सरकारने नियम केले. २०२२ च्या आदेशाप्रमाणे कार्ड बदलल्यावर चोवीस तास एसएमएस बंद ठेवायचे आणि १ जुलै २०२४ पासून सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

दुसरी चोरी साधी आहे. यात्रेच्या गर्दीत फोन गेला. फोनला कुलूप असते, पण चोर कार्ड काढून दुसऱ्या फोनात घालतो आणि ओटीपी त्याला मिळू लागतात. यावर इलाज म्हणजे सिमचा स्वतःचा पिन. सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ असते. तो चालू केला की कार्ड कोणत्याही फोनात घातले तरी आधी पिन मागते. मात्र चालू करण्यापूर्वी कंपनीने दिलेला मूळ पिन विचारून घ्यावा, अंदाजाने आकडे दाबू नयेत. तीनदा चुकले की कार्ड अडकते आणि आठ आकडी ‘पक’ कोड मागते. तो बहुधा कार्ड ज्या प्लास्टिकच्या तुकड्यातून तोडतात त्यावर छापलेला असतो. आपण तो तुकडा तिथेच फेकून देतो! ‘पक’ दहा वेळा चुकला तर कार्ड कायमचे निकामी होते, नवे घ्यावे लागते. नंबर तोच राहतो, पण भर नवरात्रात एक दिवस गेला तरी किती नुकसान, ते दुकानदाराला सांगायला नको.

माहीमच्या प्रकारात हा पिन उपयोगाचा नव्हता, कारण तिथे कार्डच नवे निघाले होते. म्हणून बँकेसाठी एक वेगळा नंबर ठेवावा आणि तो पाटीवर, बिलावर छापू नये.

काही विपरीत घडलेच, तर आधी बँकेला व १९३० या क्रमांकावर कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे आहे की, ग्राहकाची व बँकेची चूक नसताना रक्कम गेली आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविले, तर ग्राहकावर बोजा पडत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ वहीत लिहून ठेवावी, बँक प्रथम तेच विचारते.